विश्लेषण : फाटक टिकले, खोली हरवली! हिंजवडीतील मुलींच्या ‘पीजी’चा नकाशा दीडशे वर्षे जुना कसा?

मुलींसाठी वसतिगृह बांधायचे तर कसे, हा प्रश्न व्हिक्टोरिया राणीच्या काळात पहिल्यांदा गंभीरपणे सोडवला गेला. त्या उत्तरात एक फाटक होते आणि एक स्वतंत्र खोलीही होती. पुण्यात आणि आता हिंजवडीत त्यातले नेमके काय उरले?

विषय चर्चेत का?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या कंपनीचे ‘ऑफर लेटर’ हाती पडले की लातूर, जळगाव किंवा चंद्रपूरच्या घरात पगाराच्या आकड्याबरोबरच दुसरा प्रश्न निघतो : पोरगी राहणार कुठे? अनेकींसाठी त्याचे उत्तर हिंजवडी, माण, मारुंजी किंवा वाकडमधल्या एखाद्या इमारतीवर लावलेल्या ‘लेडीज पीजी’च्या पाटीवर असते. तिघींची खोली, दोन वेळचे जेवण, वायफाय, सीसीटीव्ही आणि रात्री ठरलेल्या वेळी बंद होणारे फाटक.

हा प्रश्न आता सरकारी कागदावरही आला आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्योगांच्या सहकार्याने नोकरदार महिलांसाठी वसतिगृहे उभारण्याची घोषणा झाली. राज्यांना भांडवली खर्चासाठी मिळणाऱ्या विशेष साहाय्यातून त्यासाठी पाच हजार कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक वसतिगृह बांधण्याची घोषणा आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत देशभर मुलींच्या वसतिगृहांचे नकाशे काढले जातील. इमारत एकदा उभी राहिली की पुढची पन्नास-शंभर वर्षे तिथे राहणाऱ्या मुलींचा दिवस त्या नकाशाप्रमाणे चालतो. त्यामुळे या प्रकारची इमारत मुळात कशी घडली, हे पाहणे आज उपयोगाचे आहे.

व्हिक्टोरियन काळातील महिला वसतिगृहे कशी होती?

इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकापर्यंत विद्यापीठ म्हणजे पुरुषांचे राज्य होते. एमिली डेव्हिस यांनी १८६९ मध्ये हिचिन या गावातील एका भाड्याच्या घरात अवघ्या पाच विद्यार्थिनींना घेऊन महिला महाविद्यालय सुरू केले. १८७३ मध्ये ते केंब्रिजजवळच्या गर्टन गावात स्वतःच्या इमारतीत गेले. या इमारतीचे वास्तुरचनाकार आल्फ्रेड वॉटरहाऊस. लंडनचे नॅचरल हिस्ट्री म्युझियमही त्यांचेच.

गर्टनची जागा केंब्रिज शहरापासून सुमारे अडीच मैल दूर निवडली गेली. मुली शहरातल्या तरुण विद्यार्थ्यांच्या नजरेपासून लांब राहाव्यात, हा त्यामागचा एक विचार होता. त्याच सुमारास केंब्रिजमध्येच न्यूनम हे दुसरे महिला महाविद्यालय आकाराला आले. त्याचे वास्तुरचनाकार बेसिल चॅम्पनीज यांनी लाल विटा, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या आणि उतरती छपरे वापरून इमारतीला मोठ्या घराचे रूप दिले. चर्चसारखे उंच मनोरे आणि दगडी कमानी हा पुरुषांच्या जुन्या महाविद्यालयांचा थाट त्यांनी टाळला.

तिसरे उदाहरण या दोन्हींहून वेगळे. औषधी गोळ्या आणि मलम विकून श्रीमंत झालेले थॉमस हॉलोवे यांनी लंडनच्या पश्चिमेला एगम येथे महिलांसाठी महाविद्यालय बांधले. वास्तुरचनाकार विल्यम क्रॉसलंड यांनी फ्रान्समधील शांबोरचा राजवाडा नजरेसमोर ठेवून दोन मोठ्या चौकांभोवती लाल विटांची इमारत उभी केली. ३० जून १८८६ रोजी खुद्द व्हिक्टोरिया राणीने तिचे उद्घाटन केले. सुमारे अडीचशे विद्यार्थिनींसाठी बांधलेल्या या इमारतीत पहिल्या वर्षी फक्त २८ जणी आल्या. इमारत तयार होती, घरातून बाहेर पडायला परवानगी मिळालेल्या मुली अजून थोड्या होत्या.

जिन्याऐवजी कॉरिडॉर का?

केंब्रिज आणि ऑक्सफर्डमधल्या पुरुषांच्या जुन्या महाविद्यालयांत खोल्यांची रचना जिन्याभोवती असे. मधल्या चौकातून एकेक जिना वर जातो, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन खोल्या आणि प्रत्येक जिन्याला चौकात उघडणारे स्वतःचे दार. विद्यार्थी कधी आला, कोणाबरोबर आला, हे दुसऱ्या जिन्यावरच्या कोणालाही कळत नसे.

गर्टनमध्ये वॉटरहाऊस यांनी हा जिना बाजूला ठेवला आणि लांब कॉरिडॉर आणला. सर्व खोल्यांची दारे एकाच बोळात उघडतात, बोळ मुख्य दाराशी येतो आणि मुख्य दारावर लक्ष असते. थंडी-पावसात बाहेर न पडता जेवणघरात आणि ग्रंथालयात जाता येते, ही त्यातली सोय. कोण आले, कोण गेले हे सहज दिसते, ही त्यातली देखरेख. एकच भिंत दोन्ही कामे करत होती आणि ते योजकांना चांगले ठाऊक होते. मुलीला चार भिंतींबाहेर पाठवायला तयार नसलेल्या बापाला त्या कॉरिडॉरकडे बोट दाखवून सांगता येत होते की, इथेही चार भिंती आहेत.

घरासारखा दर्शनी भाग, एकच फाटक, लांब कॉरिडॉर, एका टेबलावरचे जेवण आणि इमारतीतच राहणारी प्रमुख बाई, या पाच गोष्टी मिळून महिला वसतिगृहाचा साचा तयार झाला. पुढे जगभर तो वापरला गेला.

मग त्यात मुलींना काय मिळाले?

खोली. गर्टनमध्ये प्रत्येक विद्यार्थिनीला दोन खोल्या मिळत, एक झोपायची आणि एक बसून अभ्यास करायची. हॉलोवे यांच्या महाविद्यालयातही तीच व्यवस्था होती. न्यूनममध्ये एकच, पण स्वतंत्र खोली मिळे. त्या काळातल्या खात्यापित्या घरातल्या मुलीलाही घरी स्वतःची अभ्यासाची खोली क्वचितच असे. दिवाणखान्यात बसायचे, आल्यागेल्याचे पाहायचे आणि कोणी हाक मारली की पुस्तक बाजूला ठेवून उठायचे, हाच रिवाज होता. वसतिगृहात पहिल्यांदा तिला दार लावून घेता आले.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी ऑक्टोबर १९२८ मध्ये न्यूनम आणि गर्टन या दोन्ही ठिकाणी व्याख्याने दिली. पुढच्या वर्षी त्यांतून आलेल्या पुस्तकाचे नाव ‘अ रूम ऑफ वन्स ओन’. बाईला लिहायचे असेल तर हातात थोडे पैसे आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी, हा त्याचा गाभा. तो विचार या दोन इमारतींपुढे मांडला गेला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

म्हणजे या वसतिगृहांत एक तडजोड होती. फाटकाची किल्ली संस्थेकडे, खोलीची कडी मुलीकडे. पालकांना फाटक हवे होते, ते त्यांना दिले. त्या बदल्यात मुलींना खोली मिळाली. शिवाय फाटक अगदीच निरुपयोगी नव्हते. १९२१ मध्ये महिलांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव केंब्रिजमध्ये फेटाळला गेला, तेव्हा विजयाच्या उन्मादात तरुण विद्यार्थ्यांच्या जमावाने ढकलगाडीच्या धडका देऊन न्यूनमच्या फाटकाची मोडतोड केली. केंब्रिजमध्ये महिलांना पूर्ण पदवी मिळायला त्यानंतर १९४८ साल उजाडले.

याचा पुण्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि १८८४ पासून चेल्टनम लेडीज कॉलेजात शिकल्या, तिथे त्यांनी संस्कृतही शिकवले. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील या इंग्लंडमधील स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी होत्या. मुलींना घराबाहेर ठेवून शिकवता येते, त्यासाठी निवासाची शिस्तशीर सोय करावी लागते, हे रमाबाईंनी तिथे जवळून पाहिले. नंतर अमेरिकेतून निधी उभा करून त्या परतल्या.

दुसरे नाव कॉर्नेलिया सोराबजी यांचे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. डेक्कन कॉलेजची येरवड्याजवळची गॉथिक धाटणीची दगडी इमारत १८६० च्या दशकातली. ती मुळातच विद्यार्थ्यांच्या निवासाचा विचार करून बांधलेली. लोकमान्य टिळक विद्यार्थी असताना जिथे राहत ती खोली आजही जपलेली आहे. कॉर्नेलिया यांच्या वाट्याला मात्र वर्गाचे दार तोंडावर लावून घेणारे सहाध्यायी आले. कुटुंब पुण्यातच असल्याने त्यांना निवासाची अडचण नव्हती. पण नगर किंवा सोलापूरहून एखादी मुलगी आली असती, तर त्या भव्य इमारतीत तिच्यासाठी एकही खोली नव्हती.

परीक्षेत अव्वल येऊनही बाई म्हणून त्यांना इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. हेही दहा वर्षांपूर्वी एका राहत्या घरात सुरू झालेले महिलांचे निवासस्थान. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्डने पदवी हातात ठेवली ती तीस वर्षांनी, १९२२ मध्ये.

शारदा सदनातील ‘उघड्या दारा’चा वाद काय होता?

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी असलेली ही निवासी शाळा. गोदूबाई ही तिची पहिली विधवा विद्यार्थिनी, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई कर्वे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीवर होती.

संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या आणि आपल्या मुलीसह आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे, कोणी येऊन बसले तर त्या अडवत नसत. हळूहळू काही मुली तिथे बसू लागल्या आणि पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. दार बंद ठेवा, असा आग्रह झाला. रमाबाईंना तो मान्य नव्हता. अखेर १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या.

वाद धर्माचा होता, पण तो लढला गेला एका दारावरून. मुलीने कोणत्या खोलीत जावे, कोणाजवळ बसावे, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? मुलीचा, संस्थेचा, पालकांचा की शहराचा? पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला हा प्रश्न पहिल्याच काही वर्षांत भेटला आणि तो आजही सुटलेला नाही. पुढे प्लेग आणि दुष्काळाच्या दिवसांत रमाबाईंनी आपले काम दौंडजवळच्या केडगावला नेले. शतक संपताना तिथल्या मुक्ती सदनात दीड हजारांहून अधिक मुली-बायका राहत होत्या. प्रत्येकीला खोली देणे तिथे शक्यच नव्हते. पोट भरणे आणि जीव वाचणे हेच पहिले काम होते.

हुजूरपागा आणि हिंगणे यांनी कोणता मार्ग काढला?

पुण्यातील मुलींच्या हायस्कूलची स्थापना २९ सप्टेंबर १८८४ ची. रानडे, भांडारकर आणि वामन आबाजी मोडक ही त्यामागची प्रमुख नावे. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवर शाळा उभी राहिली, म्हणून नाव हुजूरपागा. शाळेला जोडून वसतिगृह असल्याने गावोगावच्या मुलींना पुण्यात शिकता आले. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे वयाच्या सातव्या वर्षी तिथूनच इथे निवासी विद्यार्थिनी म्हणून आल्या. बर्लिनहून पीएचडी घेऊन परतल्यावर १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात अध्यापक झाल्या. ज्या इमारतीत कॉर्नेलिया यांच्या तोंडावर दार लागले, तिथेच पन्नासेक वर्षांनी एक बाई वर्ग चालवू लागली. या दोन घटनांमध्ये मुलींसाठी निघालेली शाळा आणि तिचे वसतिगृह उभे आहे.

महर्षी कर्वे यांनी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. सुरुवातीला आश्रम पुण्याच्या पेठेत होता. प्लेग आला, शिवाय विधवांच्या आश्रमाला शेजारपाजारचा रोषही होता. १९०० मध्ये तो शहरापासून सुमारे चार मैलांवरच्या हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गोखले यांनी दिलेली सहा एकर जागा आणि त्यावर बांधलेली एक झोपडी, ही सुरुवात. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाल्यावर कर्वे रोज पायपीट करत आश्रमात जात. ती झोपडी आज कर्वेनगरच्या संस्थेच्या आवारात जपून ठेवली आहे.

गर्टन आणि हिंगणे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी दोन्हींनी एकच युक्ती केली. शहर स्वीकारत नाही तर शहराबाहेर जायचे. कालांतराने शहर स्वतःच हिंगण्यापर्यंत आले. त्याच आवारात १९९१ मध्ये कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. झोपडीतल्या आश्रमापासून मुलींच्या अभियांत्रिकीपर्यंतचा हा प्रवास एकाच आवारातला आहे. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांची पुढची पायरी अनेकदा हिंजवडी असते.

हिंजवडीत या साच्याचे काय झाले?

आयटी पार्कची आखणी झाली ती मुख्यतः कार्यालयांच्या भूखंडांची. काही मोठे गृहप्रकल्प आले, पण पहिली नोकरी लागलेल्या मुलीच्या खिशाला तिथला अख्खा फ्लॅट परवडत नाही. ती गरज भागवली आसपासच्या गावांनी. शेताच्या तुकड्यावर चार-पाच मजली इमारत बांधायची, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि तळमजल्यावर मेस. बोळ, जेवणघर, एकच दार, दारावर लक्ष ठेवणारी व्यक्ती. गर्टनचा साचा न कळत जसाच्या तसा उतरला. इन-आउट रजिस्टरची जागा अनेक ठिकाणी बायोमेट्रिक यंत्राने घेतली, एवढाच फरक.

खोली मात्र गेली. साधा हिशेब पुरेसा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार एकच खोली असेल तर राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. सहा बाय तीन फुटांची एक कॉट १८ चौरस फूट जागा घेते. अशा किमान मापाच्या खोलीत ‘थ्री शेअरिंग’ केले की ५४ चौरस फूट, म्हणजे निम्म्याहून अधिक जमीन कॉटखाली जाते. तीन कपाटे आणि दार उघडायला लागणारी जागा सोडली की उरतो एक चिंचोळा पट्टा. टेबल-खुर्ची बसत नाही. लॅपटॉप मांडीवर, डबा कॉटवर, ओले कपडे खिडकीच्या गजांना. एकीची रात्रपाळी, दुसरीची सकाळची शिफ्ट आणि तिसरीचा परदेशी ग्राहकाबरोबरचा कॉल, हे सारे एकाच दिव्याखाली.

विलायती बोळाचा आणखी एक दोष पुण्याच्या हवेत ठळक होतो. दोन्ही बाजूंना खोल्या असलेल्या बोळात उजेड आणि वारा येत नाही. इथली जुनी घरे या अडचणीवर ओसरी, चौक आणि व्हरांडा यांनी मात करत. एका बाजूला खोल्या आणि दुसरी बाजू उघडी ठेवली की तोच बोळ बसायची, बोलायची, कपडे वाळवायची जागा होतो. पण उघड्या बाजूला कॉट लावता येत नाहीत आणि कॉटवरच भाड्याचे गणित चालते.

फाटक बंद केले की मुली सुरक्षित होतात का?

पालकांची भीती खोटी नाही. पुणे परिसरात रात्रपाळीच्या महिला कर्मचाऱ्यांवर हल्ल्याच्या गंभीर घटना घडल्या आहेत. पण जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कार्यालयातच तरुण महिला अभियंत्याचा खून झाला. त्या प्रकरणी अटक झाली ती त्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाला. फाटक, ओळखपत्र, रक्षक हे सारे तिथे होते.

दुसरा धोका आगीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मदुराईतील एका खासगी महिला वसतिगृहात फ्रिजचा स्फोट होऊन आग लागली आणि दोघींचा जीव गेला. एकच जिना, मधोमध अरुंद बोळ, खिडक्यांना गज आणि रात्री कुलूपबंद दार अशी रचना असेल, तर चोराला थोपवणारे कुलूप आगीच्या वेळी आतल्यांनाच अडकवते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार महिला कर्मचाऱ्याच्या संमतीने तिला रात्री साडेनऊनंतर काम देता येते. त्यासाठी सुरक्षेची आणि तिला राहत्या घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर आहे. कायदा तिला दारापर्यंत आणून सोडतो, पण ते दार दहा वाजताच बंद झालेले असेल तर? रात्रपाळीसाठी कंपनीचे पत्र आणा, उशिराचा मेसेज आधी टाका, घरच्यांना फोन करू, अशा अटी अनेक ठिकाणी असतात. कमावत्या, मतदान करणाऱ्या, प्राप्तिकर भरणाऱ्या बाईला त्या पाळाव्या लागतात. मुलांच्या पीजींमध्ये असा काटा सहसा नसतो.

हा भेद न्यायालयातही गेला आहे. कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी वसतिगृहाच्या वेळेच्या निर्बंधाला केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने मुलींनाच कोंडण्याच्या मानसिकतेवर प्रश्न विचारले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने वेळेचे नियम मुलगे आणि मुली दोघांना सारखे लागू केले.

सरकारी योजनेत खोलीला स्थान आहे का?

काही प्रमाणात आहे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासूनची. आता ती ‘सखी निवास’ नावाने चालते. तिच्या नियमांत भाडे पगाराशी जोडले आहे. एकटीच्या खोलीसाठी पगाराच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीसाठी १० टक्के आणि सामायिक दालनासाठी साडेसात टक्क्यांहून अधिक भाडे घेता येत नाही. महानगरांत दरमहा ५० हजार आणि इतरत्र ३५ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या महिलांसाठी ही सोय असून राहण्याची मुदत साधारण तीन वर्षांची. एकटीची खोली ही चैन नसून मागता येण्याजोगी गोष्ट आहे, हे या नियमात गृहीत धरलेले आहे.

खासगी पीजींना करातही सवलत मिळाली आहे. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने दरमहा प्रतिव्यक्ती २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवाससेवेला करातून सूट देण्याचे ठरवले. मात्र या सवलतीत खोलीत किती जणी राहतात, याची अट नाही.

हिंजवडीत अडचण वाढते ती कारभाराच्या वाटणीमुळे. औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीकडे, आसपासच्या बांधकामांचे नियोजन पीएमआरडीएकडे, गावाची रोजची कामे ग्रामपंचायतीकडे आणि पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. इमारतीचा नकाशा निवासी म्हणून मंजूर होतो, त्यात पीजी नंतर सुरू होते. खोलीत किती कॉट आहेत आणि दुसरा जिना मोकळा आहे का, हे पाहण्याची जबाबदारी या वाटणीत सहज निसटते.

नव्या वसतिगृहांचा नकाशा कसा असावा?

हिंजवडी ते शिवाजीनगर हा मेट्रो मार्ग सुमारे २३ किलोमीटरचा, २३ स्थानकांचा आहे. त्यामुळे वसतिगृह कंपनीला चिकटूनच हवे, असे बंधन राहत नाही. स्थानकापासून चालत जाता येईल, रस्त्यावर दिवे आणि दुकाने असतील, अशी जागा शहराबाहेरच्या एकाकी भूखंडापेक्षा सुरक्षित. गर्टन आणि हिंगणे यांना लांब जावे लागले ते नाइलाजाने. आज तोच दुरावा मुद्दाम बांधण्याचे कारण नाही.

इमारतीबाबत चार गोष्टी खर्चाने अवघड नाहीत. खोली लहान असली तरी एकटीची, निदान मधोमध पक्के विभाजन असलेली दोघींची. प्रत्येकीला टेबल, खिडकी आणि आतून कडी. दोन्ही बाजूंना खोल्या असलेल्या बोळाऐवजी एका बाजूने उघडा व्हरांडा आणि दोन टोकांना दोन जिने. फाटकावर रात्रभर जागा असलेला माणूस, जो आलेल्या मुलीला कारण न विचारता दार उघडेल. येण्याची नोंद ठेवणे ही सुरक्षा आहे. येण्याला मनाई करणे हा नियम आणि तो मुलगा-मुलगी पाहून बदलत असेल तर तो सुरक्षेचा नियम उरत नाही.

व्हिक्टोरियन काळातील योजक पुरोगामी होते असे समजायचे कारण नाही. त्यांच्या वसतिगृहांत पुरुष पाहुण्यांवर कडक निर्बंध होते, व्याख्यानाला जातानाही सोबतीला वडीलधारी बाई लागे. तरीही आत राहणाऱ्या मुलीला अभ्यासाला जागा लागते, एवढे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी पैसे खर्च केले. दीडशे वर्षांनंतर त्यांच्या नकाशातून उचललेली गोष्ट फाटकाची असेल आणि सोडलेली गोष्ट खोलीची, तर निवड उलटी झाली आहे. प्रत्येक जिल्ह्यात नव्या वसतिगृहाचा पाया खणण्याआधी नकाशावर एवढेच तपासायचे आहे : कुलूप कोणत्या दाराला आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे?